हात हलतो, तरीही दहा

एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर मध्यभागी दहा गुणांचं जे वर्तुळ असतं, त्याचा व्यास 11.5 मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. नेमबाज त्याच्यापासून दहा मीटरवर उभा राहतो. पिस्तूल एकाच हातात धरायचं, तो हात कुठेही टेकवायचा नाही, दुसऱ्या हाताचा आधार घ्यायचा नाही, मनगटाला पट्टा बांधायचा नाही, घोटा झाकणारे बूटसुद्धा घालायचे नाहीत. पिस्तुलाचं वजन साधारण एक किलो असतं. नियम दीड किलोपर्यंत मुभा देतो. अशा अवस्थेत 75 मिनिटांत 60 शॉट मारायचे असतात, म्हणजे एका शॉटला सरासरी सव्वा मिनिट. 600 पैकी 580 गुण हा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मानाचा आकडा आहे. 580 म्हणजे चाळीस वेळा दहा आणि वीस वेळा नऊ.

नवख्या माणसाने हा हिशेब ऐकून पिस्तूल उचललं की त्याला पहिल्यांदा जाणवतो तो स्वतःचा हात. तो थांबतच नाही. नेम धरायची साइट वर जाते, खाली येते, डावीकडे सरकते, लक्ष्याचा काळा भाग तिच्यावर तरंगत राहतो. श्वास, हृदयाचे ठोके, खांद्याचे स्नायू, पायांवर तोल सावरणारं शरीर, हे सगळं त्या लांब केलेल्या हाताच्या टोकाशी येऊन पोहोचतं. मग तो क्षणभर हात स्थिर होण्याची वाट पाहतो, काळा भाग बरोबर जागेवर आला असं वाटताच घाईने चाप ओढतो, आणि पेलेट सात किंवा सहाच्या वर्तुळात जातं. ‘माझा हात फार हलतो’ असा निष्कर्ष काढून तो घरी जातो. हा निष्कर्ष अर्धवट आहे, आणि बहुतेकांची प्रगती तिथेच अडते.

हाताचा कंप ही खरी अडचण आहे, यात शंका नाही. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याने 50 मीटर पिस्तूल प्रकारात रौप्य आणि 10 मीटर एअर पिस्तुलात कांस्य मिळवलं होतं. चाचणीत त्याच्या शरीरात प्रोप्रॅनोलॉल सापडलं आणि दोन्ही पदकं काढून घेण्यात आली. प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबावरचं आणि हृदयविकारावरचं औषध. त्याने ठोके मंदावतात आणि हाताची थरथर कमी होते, म्हणून या गटातली औषधं नेमबाजीत स्पर्धेच्या काळात आणि एरवीही निषिद्ध आहेत. पण औषध न घेता सुवर्ण जिंकणाऱ्यांचेही हात हलतातच. सरावाने हालचालीचा पल्ला लहान होतो, ती संथ होते, शून्य मात्र कधीच होत नाही. मग हलत्या हातातून दहा कसे येतात? याचं उत्तर भूमितीत आहे आणि ते एकदा समजलं की सरावाची दिशाच बदलते.

पिस्तुलावर दोन साइट असतात. मागची साइट म्हणजे मधोमध खाच असलेली पट्टी, पुढची म्हणजे नळीच्या टोकावरचा चौकोनी ठोकळा. पुढचा ठोकळा मागच्या खाचेत मधोमध दिसायला हवा, दोन्हींचे माथे एका रेषेत हवेत, आणि ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची फट सारखी हवी. या दोन साइटमधलं अंतर एअर पिस्तुलात तेहतीस सेंटिमीटरच्या आसपास असतं. आता दोन चुका शेजारी शेजारी ठेवून पाहू. पहिल्या चुकीत साइट एकमेकींशी अचूक जुळलेल्या आहेत, पण अख्खा हात पाच मिलिमीटर उजवीकडे सरकला आहे. अशा वेळी पेलेट लक्ष्यावर पाच मिलिमीटरच उजवीकडे लागतं, आणि तो शॉट दहाच असतो. दुसऱ्या चुकीत हात जागेवर आहे, पण मनगट किंचित वळल्यामुळे पुढची साइट मागच्या खाचेत फक्त एक मिलिमीटर सरकली आहे. तेहतीस सेंटिमीटरवरचा एक मिलिमीटर दहा मीटरवर पोहोचेपर्यंत तीस मिलिमीटर होतो. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर एकेक वर्तुळ आठ मिलिमीटरने बाहेर सरकतं. हा शॉट सातात जातो.

म्हणजे हाताचा सरळ हेलकावा आहे तेवढाच लक्ष्यावर उमटतो आणि साइटच्या जुळणीतली चूक तीसपट होऊन उमटते. पाव मिलिमीटरची चूक दहाच्या कडेपर्यंत नेते, अर्ध्या मिलिमीटरची नऊच्या कडेपर्यंत. असं असूनही नवखा नेमबाज सगळं लक्ष पहिल्या चुकीवर ठेवतो, कारण ती डोळ्यांना दिसते. काळा भाग हलताना स्पष्ट दिसतो; खाचेतली फट अर्ध्या मिलिमीटरने बिघडलेली पाहायला डोळा मुद्दाम तिथे न्यावा लागतो.

डोळ्याचं भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतं. पुढची साइट डोळ्यापासून हातभर अंतरावर आणि लक्ष्य दहा मीटरवर, तेव्हा दोन्ही एकदम स्पष्ट दिसणं शक्यच नाही. निवड पुढच्या साइटची करायची. तिच्या कडा धारदार दिसायला हव्यात, मागची साइट थोडी अंधुक चालते, लक्ष्य तर धूसर काळा गोळाच दिसायला हवा. बहुतेक नेमबाज म्हणूनच काळ्या भागाच्या मध्यावर नेम धरत नाहीत. ते त्याच्या खाली, पांढऱ्या पट्ट्यात, साइट ठेवतात आणि पेलेट मध्यावर जाईल अशी साइटची उंची लावून घेतात. पांढऱ्यावर काळी साइट उठून दिसते, आणि ‘बरोबर बिंदूवर’ नेम धरण्याचा मोहही टळतो. बिंदूऐवजी एक छोटा टापू मानायचा, साइट त्या टापूत खुशाल फिरू द्यायची, आणि नजर लक्ष्याकडे पळाली की तिला परत साइटवर आणायची. सांगायला सोपं असलं तरी हे अंगवळणी पडायला महिने लागतात, कारण माणसाची नजर स्वभावतःच ज्याला मारायचं आहे त्याच्याकडे धावते.

डोळ्याचा विषय निघाला की बंगळुरूचे पी. एन. प्रकाश, म्हणजेच प्रकाश नंजप्पा, यांचा उल्लेख हवाच. जन्म 1976चा. वडील पापण्णा हेही नेमबाज. प्रकाश काही वर्षं कॅनडात सॉफ्टवेअरची नोकरी करून बंगळुरूला परतले आणि ज्या वयात बरेच खेळाडू निवृत्तीचा विचार करतात त्या वयात पिस्तुलाकडे पूर्ण वळले. 2013 साली दक्षिण कोरियातल्या चांगवॉनच्या विश्वचषक स्पर्धेत त्यांनी 10 मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात विश्वचषकाचं पदक मिळवणारे ते पहिले भारतीय पुरुष. त्याच वर्षी स्पेनमधल्या ग्रनाडा इथे स्पर्धेसाठी गेले असताना त्यांना बेल्स पाल्सीने गाठलं. चेहऱ्याच्या उजव्या बाजूचे स्नायू लुळे पडले. या आजारात त्या बाजूची पापणी नीट मिटत नाही, डोळा कोरडा पडतो किंवा सतत पाणावतो. ज्याचा सगळा खेळ पापणीआडच्या त्या एका स्पष्ट कडेवर उभा आहे, त्याच्यासाठी याहून वाईट दुखणं शोधून सापडणार नाही. प्रकाश बरे झाले आणि पुढच्याच वर्षी, 2014मध्ये, ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम फेरीत उतरले.

त्या अंतिम फेरीचे आकडे थांबून पाहण्यासारखे आहेत. ऑस्ट्रेलियाचा डॅनियल रेपाचोली 199.5 गुणांनी पहिला आला, प्रकाश 198.2 गुणांनी दुसरे. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. अगदी केंद्रात लागलेला शॉट 10.9चा, आणि एक दशांश गुण म्हणजे लक्ष्यावरचे 0.8 मिलिमीटर. वीस शॉटमध्ये दोघांत फरक पडला 1.3 गुणांचा. मिलिमीटरमध्ये तो सगळा मिळून साधारण दहा, म्हणजे शॉटमागे सरासरी अर्धा मिलिमीटर. तीसपटीच्या हिशेबाने हा अर्धा मिलिमीटर पिस्तुलावर मागे नेला तर पुढच्या साइटचं सरकणं एका मिलिमीटरच्या साठाव्या भागाएवढं निघतं. राष्ट्रकुलच्या सुवर्ण आणि रौप्यपदकात एवढंच अंतर होतं. प्रकाश तेव्हा 38 वर्षांचे होते. चाळिशीच्या आसपास डोळ्याचं भिंग ताठर होऊ लागतं आणि जवळच्या वस्तूवर नजर आणणं जड जातं, म्हणून या वयाच्या नेमबाजाने चष्मा पुढच्या साइटच्या अंतराला लावून घेणं फार गरजेचं असतं. वाचायचा चष्मा इथे चालत नाही आणि दूरचाही नाही. नेमबाजीच्या चष्म्यावर लहान-मोठं होणारं छिद्र बसवता येतं. छिद्र लहान केलं की साइट आणि लक्ष्य दोन्ही थोडी अधिक स्पष्ट दिसतात, पण प्रकाश कमी होतो. दुसरा डोळा मिटू नये. मिटला की चेहऱ्याचे स्नायू आवळतात आणि नेम धरणारा डोळाही थकतो. त्याच्यापुढे तीस मिलिमीटरपर्यंत रुंदीची पट्टी लावायला नियमाची परवानगी आहे.

साइट जुळल्या, नजर जागेवर आली, तरी शॉट बिघडवणारं एक बोट उरतंच. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान 500 ग्रॅम वजन पेलता यायला हवं, असा नियम आहे. एक किलोच्या पिस्तुलावर, फक्त तर्जनीने, बाकीच्या चार बोटांना पत्ता लागू न देता तेवढा दाब द्यायचा असतो. ‘आता!’ असं मनात म्हणून चाप ओढला की तर्जनीबरोबर सगळा पंजा आवळला जातो, नळीचं टोक खाली झुकतं आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचा शॉट बहुधा खाली डावीकडे जातो. लक्ष्याच्या त्या कोपऱ्यात भोकांचा पुंजका दिसला की प्रशिक्षकाला आणखी काही विचारावं लागत नाही. उपाय असा की चाप दोन टप्प्यांचा लावून घ्यायचा. पिस्तूल खाली येता येता पहिल्या टप्प्याचा दाब देऊन टाकायचा, आणि साइट टापूत शिरल्यावर उरलेला दाब सारख्या वेगाने वाढवत राहायचा. साइट हलत असते, तेव्हाच वाढवायचा. शॉट नेमका कधी सुटेल हे स्वतःलाही कळू नये. ज्याला आधी कळतं त्याचं शरीर दचकण्याची तयारी करून ठेवतं.

पाय आणि मूठ यांबद्दल पुस्तकांत पानंच्या पानं असतात. माझ्या मते त्यातलं कळीचं थोडंच आहे. जागेवर उभं राहायचं, डोळे मिटायचे, हात उचलायचा, एक-दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. पिस्तूल आपोआप जिकडे रोखलेलं दिसेल ती शरीराची स्वाभाविक दिशा. ती लक्ष्याच्या डावी-उजवीकडे असेल तर मागचं पाऊल थोडं सरकवून अख्खं शरीर वळवायचं. खांद्याने किंवा मनगटाने पिस्तूल ओढून लक्ष्यावर आणलं तर चाप सुटण्याच्या क्षणी ते आपल्या मूळ दिशेला परत जायला बघतं. मुठीचंही असंच. लाकडी ग्रिप आपल्या तळव्याला बसेपर्यंत कानसायची, जिथे पोकळी राहते तिथे पुट्टी भरायची. डोळे मिटून धरलेलं पिस्तूल डोळे उघडल्यावर साइट जुळलेल्या अवस्थेत समोर यायला हवं. पकड घट्ट की सैल यावर वाद पुष्कळ आहेत, पण ती पहिल्या शॉटला आणि साठाव्या शॉटला सारखीच असावी, याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे.

आता एक शॉट जवळून पाहू. पेलेट भरलं, पाय तपासले, मूठ बसवली. श्वास घेत हात लक्ष्याच्या थोडा वर उचलला, श्वास सोडत सोडत खाली आणला. बोटाने चापाचा पहिला टप्पा पार केला. अर्धा श्वास बाहेर टाकून थांबलेल्या अवस्थेत साइट पांढऱ्या टापूत येते. पुढचे दोन-तीन सेकंद ती जास्तीत जास्त संथ असते. नजर पुढच्या साइटच्या माथ्यावर, दाब वाढतो आहे. पाच-सहा सेकंदांत शॉट सुटला तर उत्तम. सुटल्यावरही हात खाली आणायचा नाही. आणखी सेकंद-दोन सेकंद साइटकडे पाहत राहायचं. पेलेट नळीतून बाहेर पडेपर्यंत पिस्तूल आपलंच असतं, आणि चाप सुटला की हात सोडून देण्याची सवय असलेला नेमबाज ते आधीच सोडून देतो. शॉट सुटताना साइट कुठे होती हे आठवून ‘नऊ, घड्याळातल्या तीनच्या दिशेला’ असं स्वतःशी म्हणायचं आणि मगच समोरच्या स्क्रीनकडे पाहायचं. अंदाज आणि स्क्रीन जुळू लागले की समजावं, नजर शेवटपर्यंत साइटवर राहते आहे.

आणि सहा-सात सेकंद होऊनही शॉट सुटला नाही तर? हात खाली आणायचा, पिस्तूल टेबलावर टेकवायचं, पुन्हा सुरुवात करायची. प्राणवायू कमी पडू लागला की आधी डोळ्यांना थकवा येतो, मग हाताला, आणि ‘आता एवढं धरलंच आहे तर मारून टाकू’ या विचाराने सुटलेला शॉट जवळजवळ नेहमी वाईट असतो. या खेळात धैर्य मोजायचं झालं तर ते न मारलेल्या शॉटवरून मोजावं, असं मला मनापासून वाटतं.

यातलं बहुतेक सगळं पेलेटशिवाय शिकता येतं. स्पर्धेच्या एअर पिस्तुलांत हवा न सोडता चाप चालवण्याची सोय असते. रेंजवर त्याला ड्राय फायरिंग म्हणतात. बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये असो की कोल्हापूरच्या घरात, कोरी पांढरी भिंत पुरते. भिंतीवर काहीही लावायचं नाही. लक्ष्यच नसल्यामुळे नजरेला पळायला जागा राहत नाही, आणि चाप सुटताना पुढची साइट खाचेत जराशी थरथरली तरी लगेच दिसते. रोज वीस मिनिटं हा सराव करणाऱ्याचं पाऊल आठवड्यातून एकदा रेंजवर जाऊन शंभर पेलेट उडवणाऱ्याच्या पुढे पडतं. अट एकच, आणि ती मोडायची नाही. 0.177 इंचापर्यंत व्यासाच्या आणि 20 जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला 2016च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, पण म्हणून ते खेळणं होत नाही. नळीत पेलेट नाही हे दर वेळी डोळ्यांनी पाहायचं, पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवायचा, नळी माणसाकडे कधीही वळवायची नाही, आणि चापावर बोट नेम धरल्यावरच ठेवायचं.

चांगवॉनच्या त्याच 2013च्या विश्वचषकात कोल्हापूरच्या राही सरनोबतने 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. विश्वचषकात सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय पिस्तूल नेमबाज. तिचा प्रकार वेगळा: .22चं पिस्तूल, एक किलोचा ट्रिगर, आणि साठापैकी अर्धे शॉट झटपट फेरीचे. हात 45 अंशाहून खाली धरून उभं राहायचं. हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात उचलून एक शॉट, मग सात सेकंद थांबून पुढचा. या पिस्तुलाच्या दोन साइटमधलं अंतर नियमानुसार जास्तीत जास्त 22 सेंटिमीटर असतं, त्यामुळे साइटच्या जुळणीतली एक मिलिमीटरची चूक 25 मीटरवर 114 मिलिमीटर होते. तीन सेकंदांत ती दुरुस्त करायला वेळच नसतो. म्हणून हात उचलण्याआधीच मनगट आणि मूठ अशी बांधलेली हवी की पिस्तूल वर येताना साइट जुळलेल्याच याव्यात, आणि चापाचा पहिला दाब हात वर येतानाच दिलेला हवा. एअर पिस्तुलाची संथ शिकवण इथे तीन सेकंदांत दाबून बसवलेली असते. मधल्या काळात कोपराच्या दुखापतीने राहीला बराच काळ खेळापासून दूर ठेवलं. मुंखबायार दोर्जसुरेन यांच्या मार्गदर्शनाखाली ती परतली, आणि 22 ऑगस्ट 2018 रोजी पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत थायलंडच्या नफस्वान यांगपाइबूनशी 34-34 अशी बरोबरी झाल्यावर दोन शूट-ऑफ खेळून तिने सुवर्ण घेतलं. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

अशा लढतींत चुकलेल्या शॉटचं काय करायचं, हा प्रश्न तंत्राइतकाच मोठा आहे. 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 50 मीटर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत प्रकाश नंजप्पा 25वे आले आणि त्यांची स्पर्धा संपली. अंतिम फेरीत दक्षिण कोरियाचा जिन जोंग-ओ होता. 2008 आणि 2012चं या प्रकारातलं सुवर्ण त्याचंच. नवव्या शॉटला त्याने 6.6 मारला. नवख्याला शोभेल असा शॉट. तो सातव्या क्रमांकावर घसरला, बाहेर पडण्याच्या काठावर आला. तिथून एकेक शॉट करत तो वर चढला आणि 193.7 गुणांच्या ऑलिंपिक विक्रमासह तिसऱ्यांदा सुवर्ण घेऊन गेला. अंतिम फेरीत हुकूम आला की शॉट घ्यावाच लागतो, विचार करायला सवड नसते. त्याला 6.6 पुसता येणार नव्हता. पुढच्या शॉटला पाय, मूठ, श्वास, साइट आणि चाप यांचा क्रम पुन्हा पहिल्यापासून लावणं एवढंच त्याच्या हातात होतं.

पात्रता फेरीत मात्र सवड असते, आणि ती न वापरणारे फार. 2021 साली टोकियो ऑलिंपिकमध्ये 10 मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीतच मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला, उरलेले शॉट घाईत उरकावे लागले आणि 575 गुणांवर अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये याच प्रकारात तिने कांस्य मिळवलं. पिस्तूल साथ देत असेल तर 75 मिनिटं पुष्कळ असतात. वाईट शॉट गेला की पिस्तूल टेबलावर ठेवावं, खुर्चीत बसावं, दोन घोट पाणी प्यावं, मग पेलेट न भरता दोन-तीनदा चाप ओढून पाहावा आणि साइट खाचेत स्थिर राहते आहे हे दिसल्यावरच पुढचं पेलेट भरावं. अशा विश्रांतीला तीन-चार मिनिटं जातात. साठ शॉटच्या हिशेबात दोनदा-तीनदा ती सहज बसते, पण स्पर्धेच्या दिवशी ती आठवावी यासाठी सरावातही घड्याळ लावून तशीच घेतलेली असावी लागते.